येळवशीचं एक चांगलं वाक्य

बिदरच्या मैलूर भागातल्या आमच्या गल्लीत भाजीचा गाडा आला की मी आधी तुरीच्या शेंगा बघते. पोटात दाणा धरलेल्या हिरव्या शेंगा दिसल्या की समजायचं, येळवस जवळ आली. कॅलेंडरात तिला वेळ अमावास्या म्हणतात, शेजारच्या अक्का कानडीत एळ्ळ अमावास्या म्हणतात. मला मात्र तो सण गाड्यावरूनच कळतो. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, वालपापडी, चिंच, कांद्याची पात, ओला लसूण, भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीत, पडणारं सगळं एकाच गाड्यावर येतं आणि गाडेवाला ओरडतो, "लेओ बाई, भज्जी का पूरा सामान है." शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गाडेवाल्यासकट सगळी गल्ली मला बाईच म्हणते. माझी तक्रार नाही.

यंदा गाड्याच्या मागोमाग अक्कांची नात आली. अनन्या, चौथीत आहे. तिच्या शाळेत म्हणे यावेळी पालकसभेत टीचर बोलणार नाहीत. मुलांनीच आपापल्या आईवडिलांना समोर बसवायचं, वह्या-पेपर दाखवायचे आणि आपली प्रगती आपल्याच तोंडानं सांगायची. त्याची तालीम करायला तिला माणूस हवं होतं आणि रिकामी बाई गल्लीत मी एकटीच. मी शेंगा सोलत पायरीवर बसले, ती फाईल धरून समोर उभी राहिली. इंग्लिश ही तिची स्ट्रेंथ, मॅथ्स ही तिची वीकनेस. हे दुसरं वाक्य तिनं इतक्या आनंदात सांगितलं की मला हसू यायला हवं होतं. पण माझा हात शेंगेवर थांबला. "गणित मला येत नाही" हे वाक्य मी याच दिवसांत, तुरीच्या शेंगा अशाच भरलेल्या असताना, एका मुलीच्या तोंडून ऐकलं होतं. ती मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि तरी ते वाक्य खोटं होतं.

कलबुर्गी जिल्ह्यात, मादन हिप्परग्याच्या पुढं एक लहान गाव आहे, तिथल्या मराठी शाळेत मी अकरा वर्षं काढली. तीन मास्तर आणि सात वर्ग. पोरं घरी मराठी बोलायची, बाजारात कानडी आणि भांडताना दख्खनी उर्दू. शाळेच्या तिन्ही बाजूंनी तूर असायची. दिवाळीच्या आसपास ती पिवळी फुलायची आणि मार्गशीर्षात तांबूस वाळायला लागायची. तूर कापायची ती भल्या पहाटे, दव असताना. ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणा रानात सांडतो. त्यामुळं त्या दिवसांत गाव अंधारात उठायचं, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं पहिल्या तासाला ओल्या पायांनी, केसांत तुरीचा पाला घेऊन यायची. तो पाल्याचा वास, ओल्या मातीचा वास आणि शाळेत शिजणाऱ्या खिचडीचा वास, हे तिन्ही मिसळून जे काही होतं ते मला अजून कुठंही ओळखता येईल. बिदरात ते मिळत नाही. गाड्यावरच्या शेंगा हुंगून बघते कधीकधी, गाडेवाला मला वेडी समजत असणार.

अशा दिवसांत पालकसभा भरवली तर येणार कोण? फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, पोरांच्या हाती चिठ्ठ्या पाठवायच्या, खुर्च्या मांडायच्या आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघत बसायचं. कुणी आलंच तर दारातूनच विचारायचं, पोरगं नीट हाय का. नीट आहे म्हटलं की, मारा बाई त्याला, हाडं आमची मांस तुमचं, एवढं बोलून सायकलला टांग. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते पोरगं खांबामागं उभं राहून ऐकत असायचं. त्याला कुणी विचारत नव्हतं.

मुलांनीच सांगायचं ही कल्पना माझी, असं मी पुष्कळ वर्षं मिरवलं. खरं म्हणजे ती सविताच्या वडिलांची. ते पुण्याला बांधकामावर होते, वर्षातून दोनदा गावी यायचे, त्यातलं एक येणं येळवशीचं. माझ्या वर्गातली सविता त्यांची थोरली. एकदा मी त्यांना रस्त्यात गाठून पोरीचं प्रगतिपत्रक समजावून सांगायला लागले, तर ते संकोचून म्हणाले, तुम्ही कशाला तसदी घेता, तिला ठाव हाय की, तिलाच सांगू द्या. मी घरी आले आणि रात्रभर तेच डोक्यात. तिला ठाऊक आहे, हे खरंच होतं. आणि पुणे-मुंबई-हैदराबादला गेलेली सगळी माणसं कोणत्या दिवशी गावात असतात, हेही मला ठाऊक होतं.

येळवशीला आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही. झाडून सगळे रानात. ज्वारीच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, पूजा होते आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. रानातून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं, तो उपाशी गेला तर वर्ष वाईट जातं असं मानतात. आमच्या माहेरी पूजा नव्हती. वडिलांनी धर्म बदलल्यावर पांडव घराबाहेर गेले, भज्जी मात्र राहिली. वडील म्हणायचे, भज्जीला कुठला धर्म. तीन एकराच्या तुकड्यात आम्ही भावंडं दिवसभर खायचो. त्यामुळं ज्या दिवशी अख्खं गाव रानात, त्या दिवशी शाळाही रानात न्यावी, हे मला अवघड वाटलं नाही. हेडसरांना विचारलं. ते त्याच गावचे, जुने, पोटानं सुखवस्तू. ते म्हणाले की जेवण करत करत होत असेल तर कोणतीही सभा चांगली.

तयारीला महिना लागला. पोरांनी वहीच्या कागदावर स्वतः रेघा मारून चार रकाने केले. मला काय येतं. मला काय येत नाही. मी काय करणार. आणि सगळ्यात खाली, आईवडिलांचं एक चांगलं वाक्य. त्याच्या खाली दोन सह्या, वर्गशिक्षकाची आणि पालकाची. येत नाही हा रकाना पोरांनी दोन मिनिटांत भरला, एकाला तर कागद पुरेना. पहिल्या रकान्यापाशी मात्र सगळा वर्ग अडला. आपलं चांगलं आपण सांगायचं म्हणजे काय ते कुणाला माहीतच नव्हतं. आमच्याकडं पोराला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, आणि पोरानं स्वतःला चांगलं म्हटलं की थोबाडीत बसते. खूप डोकं खाजवून एकानं लिहिलं, मला घंटा वाजवता येते. दुसरीनं लिहिलं, मला शाळा झाडता येते. मी म्हटलं अभ्यासातलं लिहा, तर पोरं पेन्सिली चावत बसली. मग मी एकेकाला कोपऱ्यात घेऊन त्याचंच चांगलं त्याला सांगत बसले. मोठ्यांची तयारी त्याहून कठीण. त्या दिवशी पोराला रागवायचं नाही आणि शेवटी एक चांगलं वाक्य बोलायचं, असा नियम मी घरोघरी जाऊन सांगितला. एका आजोबांनी विचारलं, रागवायचं न्हाई तर मंग बोलायचं काय?

त्या तिसेक पोरांत एक माझी होती. प्रज्ञा, पाचवीत. नवरा अफजलपूरला कालव्याच्या कामावर असायचा, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायचा, म्हणून घरात आम्ही दोघीच. शाळेत ती मला बाई म्हणायची, घरी आई. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की ती न चुकता हाक बदलायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ती दुसरीत पहिली आली तेव्हा ती माझ्या वर्गात नव्हती, तरी हॉटेलच्या बाकावरून एकजण म्हणाला होता, बाईच्याच पोरीचा नंबर येणार, दुसऱ्या कुणाचा येतोय. सहज म्हणाला असेल, चहा पिता पिता. पण मी गावाच्या ज्या बाजूला खोली घेऊन राहत होते, त्या बाजूच्या माणसाला असलं वाक्य सहज ऐकू येत नाही. पहिली नेमणूक झाली तेव्हा वडिलांनी मला सांगितलं होतं की लोक दुसऱ्यांचं काम एकदा तपासतील, तुझं दहादा तपासतील, म्हणून तू आधीच वीसदा तपास. मी तपासत राहिले. तिसरीत प्रज्ञा माझ्या हाताखाली आली आणि मी तिच्या पेपरावर लाल पेन जरा जास्त टेकवायला लागले. उत्तर बरोबर असलं तरी अर्धा मार्क कमी, कधी एक. पायरी गाळली, समास सोडला नाही, अक्षर वाकडं, कारण काय, सापडतंच. ज्याला कापायचं आहे त्याला कारण कमी पडत नाही. भाषेत माझा हात थोडा आखडायचा, गणितात मात्र मोकळा चालायचा, कारण गणितातच ती सगळ्यांत हुशार होती आणि तिथंच लोकांचं लक्ष जाईल अशी मला धास्ती होती. तिचा नंबर तिसरा-चौथा यायला लागला. गावात माझं नाव झालं, बाई लई कडक, पोटच्या पोरीलाबी सोडत न्हाईत. ते ऐकून मला बरं वाटायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटायचं हे खरं.

आणि संध्याकाळी घरी ती काय करायची, तर तेच गणित पुन्हा सोडवायची. चाचणीत मार्क गेलेलं गणित वहीत परत उतरवायचं, सोडवायचं, खोडायचं, पुन्हा सोडवायचं. चुलीपाशी भाकरी थापता थापता मी बघायचे आणि मनात म्हणायचे, किती जिद्दीची पोर आहे.

येळवशीच्या दिवशी सकाळपासून आम्ही रानोरान फिरलो. पुढं पोरं, मागं मी, वह्यांचं गाठोडं आळीपाळीनं एकेकाच्या डोक्यावर. ज्याचं रान येईल तो पुढं व्हायचा, कोपीसमोर उभा राहायचा, घसा खाकरायचा. तुरी अर्ध्या कापून झालेल्या, पेंढ्या बांधावर उभ्या, ज्वारी कणसात आलेली, हरभरा पायांना आंबट लागत होता. प्रत्येक कोपीत वाटीभर आंबील घ्यावीच लागे. चौथ्या रानानंतर माझ्याच्यानं चालवेना. पूजेची हाळी देत माणसं पिकात पाणी शिंपडत फिरत होती. त्या हाळीतल्या शब्दांचा अर्थ गावात कुणालाच नीट सांगता यायचा नाही, चाल मात्र सगळ्यांना पाठ. त्या आवाजात आमचं एखादं पोर ओरडून सांगायचं, मला भागाकार येतो, आणि त्याची आई पदराआड तोंड लपवून हसायची.

सविता सांगायला उभी राहिली तेव्हा तिचे वडील उकिडवे बसून ऐकत होते. तिनं येतं ते सांगितलं, येत नाही ते सांगितलं, धडा वाचून दाखवला. मग चांगल्या वाक्याची वेळ आली. पुण्यात बारा बारा मजले चढवणारा तो माणूस, त्याला एक वाक्य उचलेना. बांधावरची काडी मोडत बसला. बायकोनं कोपरानं ढोसलं. शेवटी तो पोरीकडं न बघता म्हणाला, "तुझा आवाज मोठा हाय. पार वढ्यापतोर ऐकू जायलाय. असाच ऱ्हाऊ दे." सवितानं ते वाक्य त्याच्या समोर कागदावर लिहून घेतलं. मला वाटलं, माझी सगळी नोकरी या एका दिवसासाठीच होती. मी फार खूश होते त्या दिवशी. माझीही पाळी यायची आहे हे मी विसरूनच गेले होते.

आमचं त्या गावात रान नव्हतं. म्हणून ठरलं की प्रज्ञानं सगळ्यांत शेवटी, हेडसरांच्या कोपीत सांगायचं. प्रज्ञाचे बाबा येणार होते, पण कालव्याला पाणी सोडायचं निघालं आणि ते अफजलपुरातच अडकले. हेडसर म्हणाले, मग पालक म्हणून तुम्हीच बसा, मास्तर मी होतो. मला घोंगडीवर बसवलं. सविताचे वडील आणि आणखी चारपाच घरची माणसं आमच्याबरोबर तिथंवर आली होती, तीही बसली. उन्हं कलली होती.

प्रज्ञा नीट उभी राहिली. मराठी येतं, कानडी वाचता येतं, कविता पाठ आहेत. मग दुसरा रकाना. "गणित मला येत न्हाई," ती म्हणाली. पिशवीतून तिनं चाचण्यांचे पेपर काढले आणि घोंगडीवर ओळीनं मांडले. तिनं सांगितलं की उत्तर बरोबर येतं पण मार्क जातात, म्हणजे तिला ते आतून समजलेलं नसणार. आणि तिसऱ्या रकान्यात, मी काय करणार, त्याच्या खाली तिनं लिहिलं होतं की निवासी शाळेच्या परीक्षेला ती बसणार नाही. त्या परीक्षेत गणितालाच जास्त मार्क असतात. फॉर्म तिनं भरलेलाच नव्हता. मी पंधरा दिवसांपूर्वी तो तिच्याकडं दिला होता, आपला फॉर्म आपण भरावा म्हणून. शेवटची तारीख परवावर आली होती आणि तो कोरा तिच्या दप्तरात होता.

हेडसरांनी एक पेपर उचलला, चष्मा लावला. दुसरा उचलला. "बाई, ह्ये गणित बरोबर हाय की. मार्क कामून कापलाव?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, अक्षर. अक्षर नीट नाही, पायऱ्या गिचमिड आहेत. बसलेल्यांनी माना डोलावल्या, बाई कडक. प्रज्ञानंही मान डोलावली. मग मी वर म्हटलं की आणखी प्रयत्न कर, आणि उठायला लागले.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "बाई, हे चांगलं वाक्य न्हाई. तुमीच नियम सांगितलाव."

मी खाली बसले. तीस घरांना जे मी शिकवलं ते मला येत नव्हतं. चांगलं वाक्य माझ्याकडं नव्हतं असं नाही, पोटात ढीगभर होती, पण एकही लोकांसमोर बाहेर काढायची सवय नव्हती. सविताचे वडील हळूच म्हणाले, "आमालाबी जड गेलं बाई. पर सांगितलो का न्हाई? तुमी बी सांगा." मी घाईघाईनं हाताशी जे आलं ते बोलून टाकलं. म्हटलं, तुझं अक्षर फार छान आहे.

आधी हेडसर हसले, मग सगळी कोप हसली. बाईंना आंबील जास्त झालीय असं कुणीतरी म्हणालं. मीही हसले. हसली नाही ती फक्त प्रज्ञा. तिनं पेपरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग मार्क कामून गेले?"

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी म्हटलं, "तू माझी हायस म्हणून गेले."

तिनं कधीपासून ते विचारलं, मी तिसरीपासून म्हणाले. तिनं पेपर एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, पिशवीत भरले आणि रानाच्या कडेला जाऊन उभ्या तुरीत बसली. हेडसरांच्या बायकोनं माझ्या हातात आंबिलीची वाटी दिली आणि तिच्याकडं बोट केलं.

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. वाटी तिनं घेतली नाही. ती रडत नव्हती, वाळकी शेंग फोडून दाणे तळहातावर घेत होती. मग जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मला वाटायचं आई, मला न दिसणारी चूक तुला दिसायलीय. म्या रोज हुडकायचे."

मी जिला जिद्द समजत होते ते हे होतं. अडीच वर्षं माझी पोर नसलेली चूक शोधत होती. मी तिला जवळ ओढलं, ती आली, पण अंग सैल सोडलं नाही. मागं माणसं कडब्याच्या चुडी पेटवून पिकाभोवती फिरवायला लागली होती. त्या उजेडात तूर लाल दिसत होती. एरवी मला ते बघायला फार आवडायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी सगळे पेपर आणि मार्कांचं रजिस्टर काढून बसले. ठरवलं होतं, एकेक मार्क परत लिहायचा. प्रज्ञा टेबलाशी आली. मला वाटलं तिला आनंद होईल. तिनं रजिस्टरवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. लोक काय म्हणतील."

अकरा वर्षांची होती ती. मार्क परत लिहिता आले असते, पण हे वाक्य तिच्यातून कसं काढणार होते मी? माझ्या वडिलांनी मला दिलं ते मी न सांगता तिला देऊन टाकलं होतं. त्या रजिस्टरात मी लाल शाईनं दुरुस्त्या केल्या, हेडसरांची सही घेतली, गावात ज्याला बोलायचं तो बोलला. कुणी फारसं बोललंच नाही, हे खरं तर जास्त लागलं. ज्या बोलण्याला मी एवढी भ्याले होते ते दोन दिवसांत हॉटेलच्या चहाबरोबर संपलं.

फॉर्म तिनं शेवटच्या दिवशी भरला. परीक्षा दिली. यादीत तिचं नाव आलं नाही. किती मार्कांनी हुकलं ते कळायची सोय नव्हती, आणि तेच बरं झालं. पुढं ती आळंदच्या हायस्कूलला रोज बसनं गेली, मग कलबुर्गीला, आणि आता तिथंच एका कॉलेजात गणित शिकवते. माझ्यामुळं का माझ्या असूनही, हा हिशेब मी करत नाही. ती चांगली मुलगी आहे, फोन करते, सणाला येते, माझ्या गुडघ्यांवरून मला बोलते. त्या दिवसाचा विषय तिनं नंतर कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. तिचं कौतुक मी केलं, पुष्कळ केलं, पण घरात, दार लोटून. चारचौघांत कुणी तिला हुशार म्हटलं तर माझ्या तोंडून अजून पटकन निघतं, कसली हुशार, साधा चहा करता येत नाही.

मागच्या वर्षी जुनं सामान लावताना पत्र्याच्या पेटीत तो कागद सापडला होता. रेघा थोड्या तिरक्या, चार रकाने. मला काय येतं, काय येत नाही, मी काय करणार, सगळं तिच्या अक्षरात. अक्षर खरंच छान होतं. खाली वर्गशिक्षक म्हणून माझी सही. आईवडिलांचं एक चांगलं वाक्य, ही ओळ कोरी. कोपीत मी जे बोलले ते तिनं लिहून घेतलं नव्हतं. पालकाच्या सहीची जागाही कोरी. तेव्हा मी कागद परत घडी करून ठेवून दिला होता.

परवा अनन्याची तालीम संपली तेव्हा तिनं मला फाईलचं शेवटचं पान दाखवलं. तिथंही एक ओळ होतीच, मोठ्यांनी काहीतरी चांगलं लिहायची. बाईआज्जी, तुम्ही तालमीपुरतं सांगा, म्हणाली. मी तिला म्हटलं की तू न येणारी गोष्ट न घाबरता सांगतेस, हे मला फार आवडलं. पटकन आलं तोंडात, पायरीवर, अक्कांच्या देखत, गाडेवाल्याच्या देखत. परक्या पोरीला किती सोपं जातं. अनन्या उड्या मारत गेली आणि मी शेंगा तशाच टाकून पेटी उघडली.

दोन्ही गुडघ्यांवर फळी घेऊन बसले. लिहायची सवय मोडलीय, पेन दोनदा घसरलं. त्या कोऱ्या ओळीवर लिहिलं, प्रज्ञाला गणित येतं, पहिल्यापासून येतं. खाली पालकाच्या जागी सही केली, नाव नाही, नुसतं आई. मग बाहेर येऊन अक्कांना सांगितलं, ह्याचा फोटो काढून आमच्या घरच्या ग्रुपवर टाका, मला जमत नाही. त्या ग्रुपवर माझे भाऊ, भावजया, तिचे काका, पुण्याची हैदराबादची सगळी माणसं आहेत. एकदा विचारलं त्यांनी, सगळ्यांना टाकू? मी हो म्हटलं.

दुपारभर प्रज्ञाचं काही आलं नाही. भावांचे अंगठे आले, भावजयीनं विचारलं हे काय आहे. मी भज्जीच्या डाळी निवडत बसले, फोन शेजारी ठेवून. कॉलेज सुटायच्या वेळेला तिचा फोन आला. मागं बसस्टँडचा गलका ऐकू येत होता. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई, अक्षर लई बिघडलंय तुझं," ती म्हणाली. "पर जाऊ दे. मार्क कापत न्हाई."